टिपऐवजी टॉवेल-टोपी

वाईट सेवा मिळाली तर टिप देऊ नये, या मताची मी आहे. पुढे जे सांगणार आहे ते घडून गेल्यावरही ते मत बदललेलं नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

नगरच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या एका कारखान्यात मी गुणवत्ता तपासणीचं काम करत होते. आमच्या प्रयोगशाळेत एखादा नमुना मापात बसला नाही तर 'जवळपास बसला' असं लिहायची सोय नसते. महिन्याकाठी एकदा आम्ही सहकारी सावेडीतल्या एखाद्या रेस्टॉरंटात जेवायला जायचो आणि बिल आलं की हा वाद हमखास निघायचा. एका मैत्रिणीच्या मते टिप बडीशेपेसारखी असते. जेवण कसंही असो, शेवटी यायचीच. माझ्या मते टिप हे मोजमाप आहे. चांगल्या आणि वाईट वाढण्याला सारखीच टिप मिळत असेल तर काटा अडकला आहे असं समजावं, आणि अडकलेल्या काट्यावरून वाढणाऱ्यालाही काही कळत नाही आणि मालकालाही नाही.

"म्हणजे तू वेटरलासुद्धा रिपोर्ट देतेस," ती म्हणायची.

देत होते. चांगल्या सेवेला सढळ, बऱ्या सेवेला थोडी, वाईट सेवेला काही नाही. त्यात राग नसायचा आणि दयाही नसायची.

मागच्या वर्षी बंगळूरच्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी.साठी माझी निवड झाली. माझं गाव मिरजगावच्या बाजूला, हमरस्त्यापासून आत आहे. वडिलांना आम्ही आप्पा म्हणतो. ते शेती करतात आणि चार गाई सांभाळतात. निवडीची बातमी कळल्यावर त्यांनी भावकीला जेवण घालायचं ठरवलं. गावात घातलं तर अख्ख्या गावाला सांगावं लागलं असतं; म्हणून मी सुचवलं की जवळची वीस-बावीस माणसं घेऊन नगरलाच या, सोलापूर रस्त्यावर शहराच्या अलीकडे एक बरं रेस्टॉरंट आहे, तिथे बसू. श्रावण आणि घरचे गौरी-गणपती दोन्ही उरकल्यानंतरचा रविवार ठरला, कारण आमच्या भावकीत मटणाशिवायच्या जेवणाला जेवण म्हणत नाहीत.

ठरवायला मी एकटीच गेले होते. मॅनेजर पन्नाशीचे, शर्टाच्या खिशाला दोन पेनं लावलेले गृहस्थ होते. मटणाचा काळा रस्सा, भाकरी आणि मटण न खाणाऱ्याला शेवभाजी, असं ठरल्यावर त्यांनी आतून एका बाईंना बोलावलं. बाई चाळिशीच्या पुढच्या, काटक, नऊवारीवर हॉटेलचा मरून रंगाचा कोट घातलेल्या. तो कोट त्यांना खांद्यात मोठा होत होता.

"या वाढतील तुमच्या टेबलाला," मॅनेजर म्हणाले. "दोन वर्षं मागे भाकऱ्या करत होत्या. आता हॉलमध्ये घेऊन बघतोय. फॅमिली पार्टीला बाईमाणूस असलं की बरं पडतं. तुमची पार्टी नीट सांभाळली तर कायम करू. मालकाला मी तसंच सांगितलंय."

"आणि नाही सांभाळली तर?" मी विचारलं. हा प्रश्न तिच्यासमोर विचारायला नको होता असं आता कुणी म्हणेल. पण अट तिच्यासमोरच घातली गेली होती.

उत्तर तिनेच दिलं. "मंग काय, मागं चुलीवं. भाकरीचं काम रोजावं असतं, ताई. गिऱ्हाईक कमी झालं की घरी बसा म्हनत्यात. हॉलचा पगार बारमाही. हितं कायम झालं तर औंदा टोळीबरूबर जायाला नको. न्हाईतर दसरा झाला की हायेच कोयता."

ती पाथर्डीकडची होती. नवराबायकोची जोडी लग्न झाल्यापासून दर वर्षी ऊसतोडीला जात आलेली. मी तिला कोण कोण येणार ते सांगितलं. त्यात आमची आत्या माळकरी आहे, तिला फक्त शेवभाजी, हे दोनदा सांगितलं.

"माळकरी म्हंजी वेगळं. ठावं हाय मला," ती म्हणाली.

संध्याकाळी आप्पांना फोन केला. जेवण काय, बसायची सोय काय, हे सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "वाढायला किती जन असतील?"

"तिघं. आणि एक मॅनेजर."

"म्हंजे चार टॉवेल, चार टोप्या. नारळ हितनंच आनतो."

आमच्याकडे कुठलंही कार्य पार पडलं की शेवटी राबलेल्या माणसांना बोलावून त्यांचा मान करतात: आचारी, मांडववाला, पाणी भरणारा. कपाळाला गंध, खांद्यावर टॉवेल, डोक्यावर पांढरी टोपी, हातात नारळ. हे सगळं मला पाठ होतं. पण रेस्टॉरंटात ते होईल असं मनातही आलं नव्हतं.

"आप्पा, ते लग्नातले आचारी नाहीत. हॉटेलात टिप देतात."

"दे की टिप. कोन नको म्हनतंय? पन आपल्या कार्यात राबलेल्या मानसाला तसंच उघड्या डोक्यानं धाडायचं व्हय?"

"वाढतील कसे ते अजून ठरायचंय. तुम्ही बक्षीस आधीच घेऊन ठेवताय."

"बक्षीस न्हाई ते," आप्पा म्हणाले आणि गाडीच्या भाड्याचं बोलायला लागले.

माझा आक्षेप अगदी साधा होता. जी गोष्ट काम होण्याआधी विकत घेतली जाते, ती कामाविषयी काहीच सांगू शकत नाही. तो आक्षेप मी तसाच बाजूला ठेवला. दुसरी गोष्ट मात्र माझ्याही ध्यानात आली नाही. वाढणारे तिघं म्हटल्यावर आप्पांनी तीन पुरुष डोळ्यांसमोर आणले होते. आमच्याकडे पंगतीत बायका वाढत नाहीत.

रविवारी दुपारी भाड्याची गाडी आणि काकांची जीप अशी दोन वाहनं आली. आमच्यासाठी हॉलच्या कडेला एक लांब टेबल लावलं होतं. वडीलधारी मंडळी एका बाजूला, पोरंबाळं दुसऱ्या बाजूला. आत्या खिडकीपाशी बसली. ती आप्पांची मोठी बहीण, सत्तरीला आलेली, गळ्यात तुळशीची माळ. तिच्या शेजारी काका, म्हणजे आप्पांचे धाकटे भाऊ. त्यांना कुठल्याही प्रसंगी गप्प बसता येत नाही.

सुरुवातीपासून काहीतरी बिघडत होतं, आणि काय बिघडतंय हे कळायला मला थोडा वेळ लागला. ती बाई पंगतीच्या रितीने वाढत होती. आधी टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लिंबू, मग पुन्हा पहिल्यापासून कांदा, मग मीठ, मग भाकरी. एक पदार्थ सगळ्यांना पोचल्याशिवाय दुसऱ्याला हात नाही. पंगतीत हे चालतं, कारण चार जण एकामागोमाग चालत असतात. इथे उरलेले दोन वेटर दुसऱ्या टेबलांवर अडकले होते आणि आमच्याकडे ती एकटी. त्यात आमची मंडळीही पंगतीचीच. सगळ्यांच्या ताटात सगळं आल्याशिवाय कुणी घास उचलेना. पहिल्या टोकाची भाकरी वातड झाली तेव्हा कुठे शेवटच्या टोकाला भाकरी पोचली होती. पाण्याचे जग रिकामे होते. पोरांनी मागितलेले पापड कधी आलेच नाहीत.

"शास्त्रज्ञीणबाई," काका मला म्हणाले, "बंगळूरला जाईस्तवर रस्सा येईल ना?"

"येईल, काका."

"न्हाई, आमी थांबतो. जीपमदी अंथरून हाय."

ती बाई हे ऐकत होती. तिने चालण्याचा वेग वाढवला, आणि माझ्या मते पुढची चूक त्या वेगातून झाली.

रस्सा आला. नगरकडचा काळा रस्सा कांदा-खोबरं जाळून केलेल्या मसाल्याचा असतो. मटणाचा असो की शेवभाजीचा, वरून रंग एकच आणि तर्री एकच. ती एकेक वाटी भरत पुढे गेली. आत्याने भाकरी कुस्करली, वाटी ओतली, एक घास गिळला आणि दुसरा चावता चावता थांबली. मग उठली, बाहेर नळावर गेली, चूळ भरली. परत आली ती बसली नाही.

"ह्यात मटान हाय," ती म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता.

सगळ्यांनी हातातला घास ताटात ठेवला. काकांनीसुद्धा. माळ घातल्यापासून आत्याच्या तोंडात तसलं काही गेलं नव्हतं. एकदा एका लग्नात तिने केवळ शेजारच्या ताटात मटण वाढलं म्हणून जागा बदलून घेतली होती. ती बाहेर पत्र्याच्या शेडखाली टाकलेल्या बाकावर जाऊन बसली. आई तिच्यामागे गेली. वाढणारी बाई हातात वगराळं घेऊन जिथल्या तिथे उभी होती.

मी आत गेले. मला कुणी पाठवलं नव्हतं. चूक झाली की ती कुठे झाली हे आधी पाहायचं, ही कामाची सवय. स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामध्ये एक ओटा होता. त्यावर दोन स्टीलच्या बादल्या, एकाच मापाच्या, एकाच कंपनीच्या, दोन्हींत सारखी वगराळी. आचाऱ्याला विचारलं, यातली शेवभाजीची कोणती? त्याने एका बादलीकडे बोट दाखवलं, मग थांबला, वाकून वास घेतला आणि दुसरीकडे बोट दाखवलं.

बाई माझ्यामागे येऊन उभी राहिली होती. "डावीकडं शेवभाजी, उजवीकडं मटान," ती म्हणाली. "सकाळपासनं तसंच हुतं. मटान वाढून झाल्यावं आचाऱ्यानं भरून ठिवल्या त्या उलट्या ठिवल्या."

"तुम्ही पाहिलं नाही?"

"न्हाई पायलं."

तिची दोन्ही उत्तरं खरी होती. आमच्या कामात दोन वेगळे पदार्थ एकसारख्या, चिठ्ठी नसलेल्या भांड्यांत ठेवले तर तो ठेवणाऱ्याचा दोष धरतात. हाताळणाऱ्याने केव्हातरी चुकायचंच असतं. पण माळकरी बाई पानावर आहे हे दोनदा सांगितल्यावर वाटी भरण्याआधी वास घ्यायला वेळ लागत नाही. आचाऱ्याने तो आत्ता माझ्यासमोर घेतला होता. मी मनात दोष वाटून टाकला: मोठा वाटा भांड्यांचा, पण उरलेला वाटा निश्चितपणे तिचा. तो शून्य करता येत नव्हता.

मॅनेजर टेबलापाशी आले होते. आप्पांची आणि काकांची दोनदा माफी मागून ते माझ्याकडे वळले. "मॅडम, बिलातनं आत्यांचं ताट काढतो. सगळ्यांना गोड आमच्याकडनं. फक्त एक सांगा, मालकाला काय सांगू?"

"काय झालं ते सांगा. भांडी एकसारखी आहेत, ती वेगळी करा."

"भांड्यांचं बघू. बाईचं काय? आमच्याकडं एक रीत आहे. पार्टीनं वाढणाऱ्याला टिप दिली म्हणजे तक्रार नाही असं मालक धरतात. टिप नाही दिली तर तक्रार आहे. मालक एवढंच विचारतात."

"आणि तक्रार आहे म्हटल्यावर?"

"मग मागं. चुलीवर. अट तुमच्यासमोरच झाली ना."

इतकी वर्षं मी ज्याला मोजमाप म्हणत आले होते, त्याचा असा उपयोग होतो हे मी पहिल्यांदा पाहत होते. माझ्या हिशेबात टिप नाही याचा अर्थ 'आजचं वाढणं वाईट झालं' एवढाच होता. या माणसाच्या हिशेबात त्याचाच अर्थ 'हिला ऊसतोडीला पाठवा' असा होता. पहिली गोष्ट मला सांगायची होती. दुसरी मुळीच सांगायची नव्हती. आणि दोन्हींसाठी आकडा एकच. टिप दिली तर मी खोटी नोंद करणार. नाही दिली तर खरी नोंद करून मला मान्य नसलेला निकाल देणार.

"मी तक्रारही करते आणि तिला ठेवा असंही सांगते," मी म्हणाले. "दोन्ही सांगा मालकांना."

"मालक दोन्ही ऐकत नाहीत, मॅडम. त्यांची चार हॉटेलं आहेत."

काकांना आता बोलायला जागा मिळाली. "कसली टिप? उलट दंड घ्या म्हनावं. बहिनीला बाटवली आमच्या."

"तू गप," आप्पा म्हणाले. "आनि बस खाली. ते काय मुद्दाम केलंय कुनी?"

मग ते उठले आणि खुर्चीमागची पिशवी टेबलावर ठेवली. त्यातले टॉवेल बाहेर काढायला लागले तेव्हा मी त्यांचा हात धरला.

"आप्पा, आज नको. आत्या बाहेर उपाशी बसलीय."

"तिचं मी बघतो. पन आपलं कार्य झालं का न्हाई? लोकं जेवली का न्हाई? अर्दी का हुईना, जेवली. मंग राबल्याचा मान करायचा ऱ्हातो व्हय?"

"वाईट वाढल्यावरसुद्धा?"

"वाईट वाढल्यावर बी," ते म्हणाले. "चांगल्या-वाईटाचं तुजं तू बघ. त्याला टिप हाय ना तुजी."

मी हात सोडला. आम्ही दोघं एका गोष्टीबद्दल बोलत नव्हतो हे मला तेव्हा कळलं. आप्पा काहीच मोजत नव्हते. त्यांच्या लेखी टॉवेल-टोपी म्हणजे पान उचलण्यासारखं होतं. जेवण झालं की करायचं काम.

मॅनेजरना खुर्चीवर बसवलं. त्यांना काय चाललंय ते कळेपर्यंत कपाळाला गंध लागलं, खांद्यावर टॉवेल आला आणि डोक्यावर टोपी. दोन पेनांच्या शर्टावर ती टोपी त्यांना बरी दिसत होती. ते अवघडून उठले आणि आप्पांच्या पाया पडले. मग दोन्ही वेटर आले. त्यांतल्या थोरल्याने टोपी जरा तिरपी करून घेतली आणि धाकट्याला म्हणाला, "घे, सरपंच झालास." पोरं हसली. तेवढ्याने टेबलावरचं दडपण थोडं सैल झालं.

"चौथा कुठंय?" आप्पांनी विचारलं. उरलेला टॉवेल आणि टोपी त्यांच्या हातात होती.

मी बाईंकडे पाहिलं. आप्पांनी माझ्या नजरेच्या रोखाने पाहिलं आणि त्यांचा हात टोपीसकट हवेत थांबला. बाईमाणसाला टोपी घालत नाहीत. तिची ओटी भरायची असते, आणि ती घरातल्या थोरल्या बाईने. आमच्या घरातली थोरली बाई बाहेर बाकावर बसली होती.

"आक्का," आप्पांनी दारातून हाक मारली, "पिशवीत खण हाय का गं एखादा?"

आत्याच्या पिशवीत खण नसणं शक्यच नव्हतं. ती दारापर्यंत आली. समोर कोण उभं आहे ते तिने पाहिलं.

"हाय," ती म्हणाली. "पन हिची ओटी मी भरनार न्हाई."

"बरं," आप्पा म्हणाले. जास्त आग्रह केला नाही. टोपी पिशवीत ठेवली आणि टॉवेल आणि नारळ बाईच्या हातात दिले. तिने नारळ कपाळाला लावून घेतला.

"मॅडम," मॅनेजर माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "टिपचं काय?" टोपी अजून डोक्यावर होती. खरं सांगायचं तर माझा निर्णय तोपर्यंत झाला नव्हता. पर्समधून काढलेलं पाकीट हातात तसंच होतं.

"कसलं टिपचं?" आत्याने विचारलं. तिला ऐकू कमी येतं असं घरातले समजतात. ते खरं नाही.

मी तिला सांगितलं. टिप दिली तर बाई हॉलमध्ये राहणार, नाही दिली तर चुलीवर जाणार, आणि दसऱ्यानंतर ऊस तोडायला. भांड्यांचंही सांगितलं: दोन बादल्या सारख्या, डावी-उजवी झाली, उद्या हिच्या जागी दुसरी कुणी आली तरी केव्हातरी हेच होणार.

"तुजं ते कारखान्यातलं ऱ्हाऊ दे," आत्या म्हणाली. मग मॅनेजरकडे वळली. "तुजा मालक कुटंय?"

"पुण्याला असतात, मावशी."

"फोन लाव."

मॅनेजरनी आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी मान हलवली. आत्ताच डोक्यावर टोपी घालून घेतलेल्या माणसाला, ती घालणाऱ्याच्या थोरल्या बहिणीला नाही म्हणता येत नाही. त्यांनी फोन लावला आणि आवाज मोठा करून तिच्यापुढे धरला.

"कोन, मालक का?" आत्या म्हणाली. "मी माळकरी बाई बोलती. तुमच्या हाटेलात आज माझ्या ताटात मटनाचा रस्सा वाढला. घास पोटात गेला."

पलीकडून घाईघाईने माफी सुरू झाली. वाढणाऱ्याला आजच्या आज काढतो, असंही त्यात होतं.

"आदी आईक," आत्या म्हणाली. "बाईला काढायचं न्हाई. हॉलातच ठिवायची. काढलीस तर उंद्या नवी येईल, ती बी तुज्या त्याच दोन बादल्यांत घोळ करील आन् दुसऱ्या माळकऱ्याला बाटवील. भांडी एकसारखी हायेत तुजी. एक पितळंची कर न्हाईतर झाकान वेगळं लाव, काय करायचं ते कर."

"करतो, मावशी. उद्याच करतो."

"उंद्या न्हाई. आज. आमी गेल्याव लगेच. आन् बाई कायम. बोल."

पलीकडून मॅनेजरच्या नावाने हाक आली आणि पाठोपाठ, "ऐकलंस ना? ठेव तिला हॉलला. कायमच धर. भांड्यांचं आजच बघ."

आत्याने फोन परत दिला. ज्या तर्काला तिने अर्ध्या मिनिटापूर्वी कारखान्यातलं म्हणून झटकून टाकलं होतं, तोच तिने माझ्यापेक्षा कमी शब्दांत मांडला होता. मला त्याचं वाईट वाटलं नाही. निष्कर्ष बरोबर माणसापर्यंत पोचला होता.

वाढणारी बाई पुढे आली आणि आत्याच्या पायांशी वाकू लागली. आत्या एक पाऊल मागे सरकली. "पाया नको पडू. तुज्या नोकरीचं मी बोलले. माझ्या ताटाचं इसरले न्हाई."

"व्हय," बाई म्हणाली.

"ताजी भाकरी करून आनू का? नव्या तव्यावं. नुसतं पिठलं, माज्या हातचं," तिनेच पुढे विचारलं.

"न्हाई. आज उपास धरला म्या." आत्या पुन्हा बाकावर जाऊन बसली. आईने पिशवीतली केळी काढून तिला दिली. तिने दोन खाल्ली.

मॅनेजर बिल घेऊन आले. आता टिपचा प्रश्न मोकळा झाला होता. बाईची नोकरी टिपवर टांगलेली नव्हती. टिप पुन्हा फक्त त्या दुपारच्या वाढण्याबद्दल बोलू शकत होती. दोन्ही वेटरना मी त्यांनी केलं तेवढ्या कामाची टिप दिली. मग बाईपाशी गेले. तिला चुकवून, टेबलावर काही न ठेवता निघून जाता आलं असतं. तसं करणं मला पटेना. नोंद करायची तर ज्याची आहे त्याला वाचून दाखवावी.

"ताई," मी म्हणाले, "आजची टिप मी तुम्हाला देत नाहीये. भाकरी गार झाली, पाणी आलं नाही, आणि आत्याच्या बाबतीत मी दोनदा सांगितलं होतं. तुमच्या कामाचं मालकांशी बोलणं झालंय, त्याचा याच्याशी संबंध नाही."

काका मागून म्हणाले, "अगं, दे की बाई काहीतरी," आणि यांनीच थोड्या वेळापूर्वी दंड मागितला होता.

"नका देऊ," बाई म्हणाली. "म्या बी दिली नसती." मग तिने विचारलं, "पाण्याचं काय करायचं पन? जग पाचच हायेत. एवढ्या मानसांना एकटीनं कसं पुरवायचं?"

"एकेका माणसाचं ताट पूर्ण करून पुढे जा. लिंबू, कांदा, भाकरी, रस्सा एकदम. आणि जग आधीच भरून टेबलावर ठेवून टाका, पाच तर पाच."

"पंगतीत तसं न्हाई करत."

"इथे पंगत नसते."

"आज हुती की," ती म्हणाली. आमची वीस-बावीस माणसं सगळ्यांचं ताट भरेपर्यंत हात आवरून बसली होती, हे तिने पाहिलं होतं.

बाहेर गाड्या सुरू झाल्या. आप्पा आत्याला पुढच्या सीटवर बसवत होते. काका ड्रायव्हरला रस्ता सांगत होते, जो त्याला त्यांच्यापेक्षा चांगला माहीत होता. मी पर्स घ्यायला परत आत गेले.

बाईने टॉवेल खांद्यावर टाकला होता, मरून कोटावर. ती आमचं टेबल आवरायला लागली होती. सगळ्यांची ताटं एकावर एक रचून तिने बाजूला ठेवली. आत्याचं ताट त्या चळतीवर ठेवलं नाही. ते दोन्ही हातांनी वेगळं उचललं आणि आधी तेच आत घेऊन गेली.